टँकरभर पाण्यातला चार किलो दगड

दहा हजार लिटरचा टँकर सोसायटीच्या गेटातून आत येतो, पाइप जोडला जातो आणि थोड्या वेळात खालची टाकी भरते. पाणी नितळ दिसतं. त्याच्या तपासणी अहवालात ‘एकूण कठीणपणा ४०० मिलिग्रॅम प्रति लिटर’ असा आकडा असेल, तर एक साधा गुणाकार करून बघा. लिटरला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरला चार किलो. चार किलो चुनखडीइतका ऐवज त्या टँकरमध्ये विरघळून आला आहे आणि डोळ्यांना त्यातला कणही दिसत नाही. चार माणसांचं घर दिवसाला ५०० लिटर पाणी वापरत असेल, तर त्या घरातून रोज २०० ग्रॅम, वर्षाला ७३ किलो दगड नळावाटे येतो आणि मोरीवाटे जातो. त्यातला थोडासाच मागे राहतो. बादलीच्या कडेला, शॉवरच्या भोकांत आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तो हाच.

पाणी ‘जड’ आहे असं आपण म्हणतो. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणायचे, कारण साबणाला फेस येत नाही. दोन्हींच्या मागे मुख्यतः दोनच धातू आहेत, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अहवालात मात्र दोघांचा मिळून एकच आकडा असतो आणि तो कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या हिशोबात मांडतात. साधारणपणे ६० च्या खालचं पाणी मऊ आणि १८० च्या वरचं फार कठीण समजलं जातं. भारतीय मानक ‘आयएस १०५००’ पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही स्वीकारार्ह मर्यादा मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट देतं.

पुण्यात या आकड्याची गंमत फार जवळून बघायला मिळते. एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्या घ्या. एकीला महापालिकेचं पाणी येतं, दुसरीला अजून लाइन मिळालेली नाही. वाघोली, उंड्री, सूस या बाजूला अशा जोड्या सहज सापडतील. पहिल्या सोसायटीत साबण अंगावरून निघता निघत नाही, तर दुसरीत तो लागताच दुधासारखा फाटतो. पहिलीतला गीझर वर्षानुवर्षं तक्रार करत नाही, दुसरीतल्या गीझरची कॉइल दर काही महिन्यांनी काढून ठोकावी लागते. दोन्हीकडचं पाणी मुळात पावसाचंच आणि दोन्हीकडचा खडकही एकच, आपला काळा पाषाण. फरक आहे तो पाण्याने त्या खडकात किती काळ मुक्काम केला याचा. कठीणपणाचा आकडा हा खरं तर त्या मुक्कामाचा हिशोब आहे आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

महापालिकेचं बहुतेक पाणी येतं खडकवासला साखळीतून. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि त्यांच्या खाली १८७९ साली पूर्ण झालेलं खडकवासला. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस उघड्या कातळावरून, ओढ्यांतून धावत काही तासांत किंवा दिवसांत धरणात येतो. खडकाला त्याचा स्पर्श होतो न होतो तोच तो पुढे निघालेला असतो. म्हणून धरणाचं पाणी मऊ. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं गेलं, तेव्हापासून पुण्याची तहान डोंगरातल्या वाहत्या पाण्यावर भागत आली आहे.

बोअरच्या पाण्याचा रस्ता वेगळा. तेच पावसाचं पाणी शेतात, माळावर पडतं, मातीतून झिरपतं, मुरमात उतरतं, मग खडकाच्या भेगांमधून आणि विहीर खणणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात त्या भुसभुशीत, भोकाभोकांच्या थरातून वाट काढत राहतं. तिथे त्याचा मुक्काम महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं असतो. आणि त्या मुक्कामात एक अत्यंत संथ रसायन चालू असतं.

ते समजून घ्यायचं तर आधी मातीचा श्वास समजून घ्यायला हवा. पावसाच्या थेंबात हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळे शुद्ध पाऊसही किंचित आंबट असतो. त्याचा सामू ५.६ च्या आसपास असतो. पण खरा आंबटपणा पाणी मातीत शिरल्यावर येतो. झाडांची मुळं श्वास घेतात, मातीतले असंख्य जीवाणू पालापाचोळा कुजवतात आणि दोघेही कार्बन डायऑक्साइड सोडतात. मातीच्या पोकळ्यांमधल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट, दहापासून शंभर पटींपर्यंत असू शकतो. पाणी तो पिऊन घेतं आणि सौम्य कार्बनिक आम्ल होऊन खाली उतरतं. सोडावॉटरमध्ये असतं तेच आम्ल, फक्त फार पातळ.

खाली त्याची गाठ पडते बेसॉल्टशी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्ह्याचे लोटच्या लोट बाहेर पडले, थरावर थर साचले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. सिंहगड चढताना ज्या पायऱ्या-पायऱ्यांचे कडे दिसतात, ते हेच थर. या खडकात प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज असतं, त्यात कॅल्शियम असतं. पायरॉक्सीन असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही. आम्लधारी पाणी या खनिजांना कणाकणाने सोलतं. त्यांचा सांगाडा मातकट चिकणमाती होऊन मागे राहतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातात. कार्बनिक आम्लाचं रूपांतर बायकार्बोनेटमध्ये झालेलं असतं. बोअरमधून वर येतं ते हे पाणी. डोंगरउतारावरच्या पाण्याला जे करायला वेळच मिळत नाही, ते याने निवांत केलेलं असतं.

आता गीझर सुरू करा. साखर, मीठ असे पदार्थ पाणी तापवलं की जास्त विरघळतात. इथे नेमकं उलटं घडतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तो गेला की कॅल्शियमला विरघळून राहण्याचा आधारच उरत नाही. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि जिथे पाणी सर्वांत जास्त तापलेलं असतं तिथेच, म्हणजे कॉइलवर, जाऊन बसतं. पूर्वी घराघरांत असलेल्या तांब्याच्या बंबात आतून जो टणक पांढरा लेप धरायचा, तो याच क्रियेने. लेप उष्णता अडवतो, त्यामुळे वीज जास्त जळते, आणि आत अडकलेली उष्णता शेवटी कॉइललाच खाते.

त्या लेपाचा एक खपला हातात घेऊन बघा. जुन्या गीझरचा प्लंबरने काढलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर नळाच्या जाळीत अडकलेला तुकडाही चालतो. रंग मळकट पांढरा, कधी तांबूस. आडवा मोडला तर कडेला बारीक बारीक थर दिसतात. वाटीत ठेवून वर लिंबाचे चार थेंब पिळा. लगेच बुडबुडे येतात आणि अगदी कानाजवळ नेलं तर बारीकशी चरचर ऐकू येते.

ते बुडबुडे कसले आहेत? कार्बन डायऑक्साइडचे. आणि तो आला कुठून? चुनखडीच्या प्रदेशात, उदाहरणार्थ लंडनमध्ये, जिथे भूजल खडूच्या खडकातून येतं, तिथे पाण्यातल्या कार्बनचा साधारण अर्धा भाग प्राचीन समुद्रजीवांच्या कवचांतून आलेला असतो. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. बेसॉल्टच्या मूळ खनिजांत कार्बन जवळजवळ नसतोच. खडकाच्या पोकळ्यांत आणि काळ्या जमिनीखाली जी थोडी चुनखडी साचलेली असते ती सोडली, तर आपल्या बोअरच्या पाण्यातला कार्बन येतो हवेतून आणि मातीच्या श्वासातून. कुठल्या तरी ज्वारीच्या मुळाने सोडलेला, बाभळीच्या कुजलेल्या पानातून निघालेला वायू पाण्यात शिरला, त्याने लाव्ह्याचा दगड पोखरला, बोअरमधून वर आला, कॉइलवर दगड होऊन बसला आणि आता लिंबाच्या रसाने मोकळा होऊन तुमच्या स्वयंपाकघरातल्या हवेत मिसळला.

हीच क्रिया पृथ्वीच्या पातळीवर लाखो वर्षं चालली की तिचा परिणाम हवामानावर होतो. सिलिकेटी खडक झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड खर्च होतो, बायकार्बोनेट होऊन नद्यांतून समुद्रात जातो आणि तिथे चुनखडी होऊन तळाशी बसतो. हवा फार तापली की पाऊस वाढतो, झीज वाढते, वायू जास्त खर्च होतो आणि पृथ्वी पुन्हा थंड होऊ लागते. भूशास्त्रज्ञ याला पृथ्वीचं दीर्घकालीन तापमान-नियंत्रण मानतात. त्यात बेसॉल्टचा वाटा मोठा आहे, कारण ग्रॅनाइटच्या मानाने तो फार लवकर झिजतो. म्हणून तर अलीकडे बेसॉल्टची भुकटी शेतात पसरून हवेतला कार्बन पकडायचे प्रयोग जगभर चालले आहेत. ज्या दख्खनी पठारावर आपण राहतो, ते न सांगता सवरता कोट्यवधी वर्षं हेच काम करत आलं आहे. गीझरचा खपला ही त्याची घरगुती पावती.

स्वयंपाकघरात या पाण्याची ओळख आधी तुरीच्या डाळीला पटते. ‘बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. शिजताना तो विरघळतो, पेशी सुट्या होतात आणि डाळ गुरगुटते. पाण्यातला कॅल्शियम या पेक्टिनच्या साखळ्यांना आडवे टाके घालतो, मग कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणाच राहतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायची जुनी युक्ती बरोबर चालते, फक्त सोड्याने डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. डाळीपुरतं धरणाचं पाणी वेगळं भरून ठेवणाऱ्या सुगरणी अधिक शहाण्या.

साबणाचंही तसंच. खऱ्या साबणाचे रेणू कॅल्शियमला भेटले की त्याच्याशी चिकटून न विरघळणारा चोथा बनतो. तो केसांवर बसतो, बाथरूमच्या फरशीवर बसतो, पांढऱ्या शर्टाला कडक आणि करडा करतो. जेवढा कॅल्शियम आहे तेवढा साबण आधी वाया जातो, मगच फेसाची पाळी. घरी ताडून बघायचं असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत गाळलेलं पावसाचं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा थोडा थोडा किस टाका आणि जोरात हलवा. शॅम्पू किंवा हँडवॉश वापरू नका, ते जड पाण्यातही फेसाळतील, कारण त्यातला मळ काढणारा पदार्थ साबण नसतो.

या फेसावरच पाणी मोजायची पहिली पद्धत उभी राहिली. स्कॉटलंडमधले रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४० च्या दशकात, किती साबण घातल्यावर फेस टिकतो यावरून कठीणपणा ठरवायची रीत रूढ केली. आज वापरतात ती रीत शंभर वर्षांनंतरची, १९४० च्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी आणलेली. कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती बघता येते आणि बघावीच अशी आहे.

काचेच्या शंक्वाकृती पात्रात ५० मिलिलिटर पाणी घेतात. अमोनियाचा उग्र वास असलेलं एक द्रावण घालून ते अल्कधर्मी करतात. मग ‘एरिओक्रोम ब्लॅक टी’ नावाच्या काळपट रंगद्रव्याची चिमूट. पाणी कोकमाच्या आगळासारखं लालबुंद होतं. वर ब्युरेटमध्ये इडीटीए या रसायनाचं द्रावण असतं, ते थेंबाथेंबाने सोडत पात्र गोल फिरवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग थेंब पडतो तिथे क्षणभर निळी छटा उमटते आणि विरते. पुढे लालाचा जांभळा होतो. आता हात सावकाश चालवावा लागतो, कारण यानंतर एकच थेंब असा पडतो की सगळं पात्र स्वच्छ निळं होतं. लालाचा मागमूस उरत नाही.

झालं असं की सुरुवातीला रंगद्रव्य कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटलेलं होतं, म्हणून लाल. इडीटीएचा रेणू सहा बाजूंनी धातूला धरतो आणि त्याची पकड रंगद्रव्याच्या पकडीपेक्षा घट्ट असते. आधी तो मोकळे धातूकण उचलतो, शेवटी रंगद्रव्याच्या ताब्यातलेही सोडवून घेतो. रंगद्रव्य एकटं पडलं की निळं दिसतं. ठरलेल्या तीव्रतेच्या द्रावणात हिशोबही सोपा असतो, खर्च झालेल्या प्रत्येक मिलिलिटरला २० ने गुणायचं. कठीणपणा ४० असलेलं पाणी दोनच मिलिलिटरमध्ये निळं होतं, ४०० वाल्याला पूर्ण वीस लागतात.

रक्ताची सीबीसी करायला जाता तेव्हा जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, त्या नळीतही हाच इडीटीए असतो. रक्त गोठायला कॅल्शियम लागतो. तो इडीटीएने धरून ठेवला की रक्त पातळ राहतं. टँकरचं पाणी तपासणारा आणि तुमचं रक्त राखून ठेवणारा रेणू एकच आहे, आणि दोन्हीकडे त्याला हवा असतो तो कॅल्शियमच.

वाघोलीकडे मात्र पुन्हा वळायला हवं, कारण तिथल्या दगडात एक अशी गोष्ट दडली आहे जी बहुतेक वाघोलीकरांना कोणी सांगितलेली नसते. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे दगडातच अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी त्यातून झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. पुण्याच्या आसपासच्या खाणींत हे स्फटिक इतके देखणे मिळतात की जगभरच्या संग्रहालयांत ते मांडलेले आहेत. स्टिल्बाइटच्या पीचरंगी जुड्या, अपोफिलाइटचे पारदर्शक मनोरे. आणि वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट, गर्द निळ्या सुयांचे गोळे. हे खनिज आधी १९६० च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सापडलं होतं, पण त्याच्या सर्वांत सुंदर नमुन्यांसाठी जग आज वाघोलीचंच नाव घेतं.

यातला स्टिल्बाइट आणि त्याचे भाऊबंद म्हणजे झिओलाइट. त्यांच्या रेणूंच्या जाळीत बारीक बोगदे असतात आणि त्या बोगद्यांत सोडियम, कॅल्शियम असे धातूकण सैलसर बसलेले असतात. बाहेरच्या पाण्यातल्या कणांशी त्यांची अदलाबदल होऊ शकते. ही अदलाबदल मातीत होते हे १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे या दोघांच्या लक्षात आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट बनवून त्यातून जड पाणी सोडलं. झिओलाइटने कॅल्शियम ठेवून घेतला, बदल्यात सोडियम दिला आणि पाणी मऊ होऊन बाहेर आलं. पाणी मऊ करायच्या यंत्रांची सुरुवात ही. कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींतही झिओलाइट याच कामासाठी घालतात.

म्हणजे ज्या खाणींच्या आसपास आज टँकरच्या जड पाण्यावर सोसायट्या उभ्या आहेत, त्याच खाणींच्या दगडात पाणी मऊ करणाऱ्या खनिजांचं कुटुंब स्फटिकरूपाने बसलेलं आहे. ते काढून टाकीत टाकलं तर उपयोग होणार नाही, स्टिल्बाइट स्वतःच कॅल्शियमने भरलेला असतो. तरीही या शेजाराचं मला फार अप्रूप वाटतं. पाण्याच्या टाकीजवळ ठेवलेल्या सॉफ्टनरच्या उभ्या सिलिंडरमध्ये आता झिओलाइटच्या जागी रेझिनचे बारीक पिवळसर मणी असतात, पण युक्ती तीच. मणी कॅल्शियमने भरले की मिठाचं दाट पाणी सोडून त्यांना पुन्हा सोडियम भरवायचा. वॉचमन मिठाची पोती का ओततो, याचं उत्तर हे.

इथे एका गैरसमजाबद्दल थोडं रागानेच लिहिणं भाग आहे. सॉफ्टनरमधून पाणी गेलं की त्यातला कठीणपणा जातो, पण एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस) जवळपास तेवढेच राहतात, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेला असतो. टीडीएस मीटरचं पेन बुडवलं तर आकडा हलत नाही. हे पेन फक्त पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतं. त्याला कॅल्शियम ओळखता येत नाही, जंतू तर त्याच्या गावीही नसतात. तरी त्याच्या जोरावर दारोदार भीती विकली जाते. त्याहून वाईट तो दोन काड्यांचा खेळ. विक्रेता एका ग्लासात तुमच्या नळाचं पाणी घेतो, दुसऱ्यात आरओचं, दोन्हींत धातूच्या काड्या बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ होतं, वर घाण तरंगते, आरओचं मात्र स्वच्छ राहतं. घरातली माणसं घाबरतात. ती घाण पाण्यातली नसते, काडीतल्या लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड विरघळून गंज बनतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जात नाही म्हणून काहीच होत नाही. अगदी उत्तम पाण्यालाही या खेळात नापास करता येतं.

धरणाचं मऊ पाणी येणाऱ्या घरात आरओ बसवला तर तो प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो आणि काढून टाकतो ते मुळात थोडेच असलेले उपयोगी क्षार. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिले होते ते याच कारणाने. कठीण पाण्याची भीतीही जरा बेताने बाळगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जड पाणी कपड्यांना, कॉइलला, डाळीला आणि खिशाला छळतं, हे मान्य. ते छळणं निस्तरायला सॉफ्टनर पुरतो.

माणसाला आजारी पाडणारं पाणी वेगळंच असतं आणि ते मऊही असू शकतं, नितळही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात, गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. हातापायांतली ताकद जाणं, काहींना व्हेंटिलेटर लागणं, असा तो भयंकर काळ होता. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जीवाणू सापडला आणि संशय पाण्याकडे गेला. ही गावं २०१७ आणि २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने महापालिकेत आली, खडकवासला धरण त्यांच्या डोक्याशी आहे. सह्याद्रीतलं मऊ पाणी ज्यांच्या दारातून वाहतं, त्यांच्यावर ही वेळ आली, हे आठवलं की अजून जीव तुटतो.

त्या दिवसांत मोलाचा ठरणारा आकडा होता ०.२. नळाच्या तोंडाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, असं मानक सांगतं. केंद्रावर शुद्ध केलेलं पाणी घरापर्यंत शुद्धच येईल याची ती खूण असते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं. ते गेलं की नळ रिकामे होतात, आतला दाब पडतो आणि जुन्या जोडांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर काय ओढलं जाईल ते सांगायला नको. वाटेत अशी घाण मिसळली की क्लोरीन तिच्याशी झुंजताना संपतो. म्हणून नळाला क्लोरीन शून्य आला की समजावं, वाटेत काही तरी घडलं आहे. हे तपासायची ‘ओटी टेस्ट’ गावोगावच्या ग्रामपंचायतींत वर्षानुवर्षं चालते. छोट्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे दोन-चार थेंब, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर आरोग्य सेवक हातात धरून बघतात ती हीच पिवळी नळी. शहरातल्या लाखो रुपयांच्या फ्लॅटमध्ये टीडीएसचं पेन असतं आणि ओटीची बाटली नसते, हे उलटं व्हायला हवं. बोअर आणि टँकरच्या पाण्यात तर क्लोरीन आपण घालू तेव्हाच असतो.

सोसायटीच्या बैठकीत पाण्याचा अहवाल मांडला गेला, तर आकड्यांच्या आधी वर लिहिलेली तारीख आणि नमुना कुठून घेतला ते बघा. बहुतेक सोसायट्यांत महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी खालच्या एकाच टाकीत मिसळतं, त्यामुळे सोमवारचा कठीणपणा गुरुवारी राहत नाही. बोअरचा आकडा ऋतूप्रमाणेही बदलतो. पावसाळ्यात नवं पाणी खडकात उतरून जुन्यात मिसळतं, तर उन्हाळ्यात बोअर खोलवरचं, जास्त मुरलेलं पाणी वर ओढतो. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मे महिन्यातला आकडा ऑक्टोबरपेक्षा चढा असतो. सॉफ्टनरला मीठ किती लागेल, हे ठरवायचं असेल तर दोन्ही महिन्यांचे नमुने तपासून घ्यावेत, बोअरचा वेगळा आणि टँकरचा वेगळा.